मुलांसाठी सोपा डिजिटल ट्रेन कंट्रोलर: नेमकं काय बघून घ्यावं?

अबोली (धागाकर्ती)

घरी मॉडेल रेल्वेचा एचओ मापाचा (खऱ्या गाडीच्या सुमारे ८७व्या हिश्शाचा) संच आहे. थोरला नऊ वर्षांचा, धाकटी सहाची. साध्या अ‍ॅनालॉग कंट्रोलरवर एकच इंजिन चालत होतं तोवर सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. आता दुसरं इंजिन आलं आणि भांडणं सुरू झाली, कारण दोन्ही रुळावर ठेवली की दोन्ही एकदम सुटतात आणि एकदम थांबतात. थोरल्याला मालडबे एकेक करून जोडत-सोडत सावकाश शंटिंग करायचं असतं. धाकटीला गाडी पळायला हवी, बस.

डिजिटल घेतलं तर एकाच रुळावर दोन गाड्या स्वतंत्र चालवता येतात इतपत वाचलंय. पण कंट्रोलरांचे फोटो पाहूनच धडकी भरते: बटणांची रांग, इवलासा पडदा, मेनूच्या पोटात मेनू. मला एवढंच हवंय: गाडी निवडणं, वेग, पुढे-मागे, दिवा, भोंगा आणि सगळं थांबवणारं एक बटण. नव्या इंजिनात डीकोडर (डिजिटल संदेश वाचणारा छोटा सर्किट बोर्ड) आहे. जुन्यात नाही, पण आत आठ पिनांचं सॉकेट आहे असं पुस्तिकेत दिलंय.

काय बघून निवडू? आणि फोनवरच्या अ‍ॅपने चालवू द्यावं का?

रुळावरचा_राजा

दोन मुलं, दोन कंट्रोलर. बाकी सगळं त्यानंतर.

खटपट्या

आधी आत काय चालतं ते थोडक्यात, म्हणजे निवडताना गोंधळ होणार नाही.

अ‍ॅनालॉगमध्ये रुळांना जितके व्होल्ट मिळतील तितका वेग, आणि धन-ऋण उलटलं की गाडी उलटी. रुळावरच्या प्रत्येक इंजिनाला तीच वीज मिळते, म्हणून दोन्ही एकदम पळतात. डीसीसीमध्ये, म्हणजे डिजिटल चालवण्याच्या प्रचलित पद्धतीत, रुळांत कायम पूर्ण दाब असतो, एचओसाठी साधारण १४ ते १६ व्होल्ट, आणि त्याच विजेतून संदेश जात राहतात: क्रमांक ७, वेग इतका, दिशा पुढे. प्रत्येक इंजिनातला डीकोडर फक्त आपल्या क्रमांकाचा संदेश उचलतो आणि त्याप्रमाणे मोटर फिरवतो. मूळ काम जर्मनीच्या लेन्झ कंपनीचं. १९९० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या एनएमआरए या हौशी लोकांच्या संघटनेने त्याचे मानदंड ठरवून दिले. त्यामुळे आज एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीचं डीसीसी इंजिन चालवतो.

म्हणून पहिली अट ही की खोक्यावर डीसीसी लिहिलेलं असावं. काही संचांबरोबर खास रिमोट येतात, ते त्याच संचाच्या गाडीशी बोलतात. तिसरं इंजिन आलं की पुन्हा पंचाईत.

आगगाडी_आजोबा

मी थोडं वेगळं मत मांडतो. सहा वर्षांच्या मुलीला डिजिटलची गरज आहे का? दोन स्वतंत्र वर्तुळं मांडा, दोन अ‍ॅनालॉग कंट्रोलर लावा. खुंटी फिरवली की वीज वाढते, दिवा उजळतो, गाडी वेग घेते. कारण आणि परिणाम मुलाच्या डोळ्यांसमोर घडतात. मुलं मोठी झाली की रुळाचा एक तुकडा इन्सुलेटेड (वीज पुढे न जाऊ देणारा) जोड घालून वेगळा करायचा आणि त्याला खटका लावायचा. एक इंजिन तिथे उभं ठेवायचं, दुसरं चालवायचं. माझा नातू त्यातूनच विजेचं मंडल शिकला. डिजिटलमध्ये सगळं त्या डीकोडरच्या पोटात घडतं, मुलाला काही दिसत नाही.

निशिगंध

आजोबा, खटक्याचा मुद्दा मला मनापासून पटतो, मीही तसंच शिकले. पण अबोलींच्या घरी अडचण वेगळी आहे. एकाला शंटिंग करायचंय आणि दुसरीला पळवायचंय, तेही एकाच मांडणीवर. खटक्यांच्या पद्धतीत आपण गाडी चालवत नाही, रुळाचा तुकडा चालवतो. गाडी एका तुकड्यातून दुसऱ्यात गेली की कोणाची खुंटी कोणत्या तुकड्याला जोडली आहे हे लक्षात ठेवावं लागतं. सहा वर्षांच्या मुलीला "हे माझं इंजिन, ही माझी खुंटी" हे त्याहून कितीतरी सोपं. मुलांसाठी डिजिटल सोपं आहे, मांडणाऱ्यासाठी अ‍ॅनालॉग.

आगगाडी_आजोबा

शेवटचं वाक्य मान्य. एका मुलाचं इंजिन दुसऱ्याच्या तुकड्यात शिरलं की काय होतं ते मी पाहिलंय.

निवांत_स्टेशन

मी मुलांसाठीच्या मांडणीवर बऱ्याच ठिकाणी मदतनीस म्हणून उभा राहतो, त्यामुळे मुलांचे हात सतत बघतो. ज्या कंट्रोलरवर खरी गोल खुंटी आहे तो कंट्रोलर मूल न बघता चालवतं. त्याची नजर गाडीवर असते, बोटं खुंटीवर. ज्यात वेगासाठी वर-खाली बाणांची बटणं आहेत, त्यात मूल बटणाकडे बघतं, मग पडद्याकडे, मग गाडीकडे, आणि तोवर गाडी वळणावरून उडालेली असते. माझ्या लेखी हा सर्वांत मोठा निकष आहे. बटणं किती आहेत हे त्याच्या पुष्कळ नंतर येतं, कारण न लागणारी बटणं मुलं खुशाल विसरून जातात.

आता खुंट्यांचेही प्रकार आहेत.

रोकोच्या मल्टीमाउसवर खुंटीच्या मध्यावर थांबा आहे. उजवीकडे फिरवली की पुढे, डावीकडे फिरवली की मागे. दिशेचं वेगळं बटण नाही. लहान मुलांना हे पटकन कळतं आणि भरधाव गाडीची दिशा चुकून उलटायचा धोकाही कमी, कारण उलटं जायला आधी मधल्या थांब्यावरून जावंच लागतं.

मेर्क्लिनच्या मोबाइल स्टेशनवर खुंटी फिरवली की वेग बदलतो आणि दाबली की दिशा बदलते. खुंटीला शेवटचं टोक नाही, गोल गोल फिरत राहते. याचा फायदा असा की एका इंजिनावरून दुसऱ्यावर गेलं तरी खुंटीची जागा आणि गाडीचा वेग यांत विसंगती होत नाही. तोटा हा की नुसत्या बोटांना "आता शून्य झालं" हे कळत नाही. मोठ्यांना आवडते, सहा वर्षांच्या हाताला मी मधल्या थांब्याची देईन.

तिसरा प्रकार शून्यापासून कमालपर्यंत फिरणारी खुंटी आणि दिशेचा वेगळा खटका. तुमचा जुना अ‍ॅनालॉग कंट्रोलर याच धाटणीचा असेल तर मुलांना सवय आहेच.

सांधेवाला

@निवांत_स्टेशन, खुंटीला जोरदार अनुमोदन.

सर्वांत कमी बटणांचा म्हणाल तर बाखमनचा ई-झी कमांड. टेबलावर ठेवायचा डबा, वेगाची खुंटी, आणि १ ते १० अशी बटणं. प्रत्येक बटण म्हणजे एक इंजिन. ३ दाबलं की ३ नंबरचं इंजिन तुमच्या हातात. पडदा नाही, मेनू नाही. बटणांजवळ इंजिनांच्या चित्रांचे स्टिकर लावले की वाचता न येणारं मूलसुद्धा चालवतं. १ ते ९ ही डिजिटल इंजिनं, १० वर डीकोडर नसलेलं एक जुनं इंजिन चालतं. म्हणजे अबोलींचं जुनं इंजिन पहिल्या दिवसापासून चालेल.

चुंबकरेषा

ते १० नंबरचं बटण जपून वापरा. डीकोडर नसलेल्या इंजिनाला डिजिटल रुळावर उभं ठेवलं की मोटरमधून बारीक गुणगुण ऐकू येते. ती पूर्ण दाबाच्या उलटसुलट विजेत थरथरत असते आणि तापते. चालवा, थांबवा, आणि लगेच रुळावरून उचलून ठेवा. कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर तिला डिजिटल रुळावर अजिबात ठेवू नका, जळते. मुलं इंजिन उभं करून निघून जातात, ही त्यांची रीतच आहे. त्यापेक्षा आठ पिनांचं सॉकेट आहे तर त्यात डीकोडर बसवून टाका. काम अगदी सोपं आहे: आतला नकली प्लग काढायचा, डीकोडरचा प्लग बसवायचा, नारिंगी वायर १ नंबरच्या पिनेवर येऊ द्यायची. बसवण्याआधी ते इंजिन अ‍ॅनालॉगवर नीट, न अडखळता चालतंय ना एवढं बघा. अ‍ॅनालॉगवर अडखळणारं इंजिन डीकोडरने सुधारत नाही.

टिकटिक

फोनचं कोणीच बोलेना म्हणून मी बोलते. आमच्याकडे डीसीसी-ईएक्सवर चालतं, म्हणजे घरी जुळवायच्या डीसीसी यंत्रणेवर. आर्डुइनो मेगा (छोटा संगणकी बोर्ड), त्यावर मोटर शील्ड (रुळांना वीज देणारा जोडबोर्ड), आणि आज्ञावली मुक्त आहे, कोणीही उतरवून घ्यावी. अँड्रॉइडवर इंजिन ड्रायव्हर नावाचं अ‍ॅप. घरातले जुने फोन काढले, सिमकार्डं काढली, प्रत्येक मुलाला एक कंट्रोलर झाला. पडद्यावर इंजिनाचं पूर्ण नाव दिसतं, भोंग्याच्या बटणावर "भोंगा" असं लिहिता येतं. शिवाय त्या अ‍ॅपमध्ये मुलांसाठी वेळ लावायची सोय आहे. वेळ संपली की गाडी थांबते आणि पुढच्याची पाळी. "अजून एकच फेरी" हा वाद आमच्याकडे संपला, कारण नाही म्हणणारी आई नसून फोन असतो.

निवांत_स्टेशन

वेळेची सोय प्रदर्शनांत मीही वापरली आहे, उत्तम आहे. पण काचेवरच्या सरकपट्टीला बोटाने धरता येईल असं काही नसतं. मूल नजर हटवतं आणि बोट भलतीकडे सरकतं. अडचण मुलांमध्ये नाही, काचेत आहे.

टिकटिक

यावरही उपाय आहे. त्याच अ‍ॅपमध्ये फोनच्या बाजूची आवाजाची बटणं वेगासाठी वापरता येतात. वरचं दाबलं की वेग वाढतो, खालचं दाबलं की कमी. बोटाला कळतं, नजर गाडीवर राहते. तरी खुंटीची मजा त्यात नाही हे मान्य करते.

मृण्मयी_व

माझी भाची एकाच हाताने काम करते, दुसऱ्या हाताची पकड नाही. तिच्यासाठी हातात धरायचे सगळे कंट्रोलर बाद झाले, कारण एका हाताने धरायचं की फिरवायचं? टेबलावर ठेवायचा रुंद डबा घेतला आणि खाली घसरू नये म्हणून रबरी चटई चिकटवली. आता ती शंटिंग करते, तेही फार सुरेख. सांधे ती बोटानेच टाकते. कंट्रोलर हातात धरायचा की टेबलावर ठेवायचा हा प्रश्न प्रत्येकाने मुलाच्या हाताकडे बघून सोडवावा. लहान मुठीला मोठा हातकंट्रोलर जड होतो, हेही पाहिलंय.

रुळावरचा_राजा

@मृण्मयी_व, भाचीला शाबासकी सांगा.

चाकोरी

भोंग्याबद्दल सावध करते. आवाजाचा डीकोडर घेतलात तर मुलं गाडी कमी चालवतात, भोंगा जास्त वाजवतात. आम्ही नियम केला की भोंगा फक्त बोगद्याआधी वाजवायचा. आता लेकाने पुठ्ठ्याचे इतके बोगदे केलेत की रूळ दिसत नाहीत.

खटपट्या

@चाकोरी, डीकोडरमध्ये आवाजाची पातळी कमी करायची सोय असते, कोणत्या सीव्हीने ते डीकोडरच्या पुस्तिकेत सापडेल. बोगदे मात्र राहू द्या.

सीव्हीचा विषय निघालाच आहे तर मुलांसाठी सर्वांत उपयोगी गोष्ट सांगतो. सीव्ही म्हणजे डीकोडरच्या स्मृतीतले आकडे. एकदा लिहिले की वीज गेली तरी टिकतात. सीव्ही १ म्हणजे इंजिनाचा क्रमांक, सीव्ही ५ म्हणजे कमाल वेग. सीव्ही ५ कमी करून ठेवा. मग धाकटीने खुंटी पार टोकापर्यंत फिरवली तरी गाडी वळणावर टिकेल अशाच वेगाने पळेल. तिला पूर्ण खुंटी फिरवल्याचा आनंद, तुम्हाला इंजिन जमिनीवर पडायची भीती नाही. आकड्यांचा पल्ला डीकोडरप्रमाणे बदलतो, तेव्हा पुस्तिका बघून थोडं थोडं उतरवत जा.

आणि सीव्ही ३ थोडा वाढवा, म्हणजे गाडी झटक्याने न सुटता हळूहळू वेग घेते. सीव्ही ४ तसाच, थांबताना.

निशिगंध

सीव्ही ३ ठीक, पण सीव्ही ४ ला माझा ठाम विरोध आहे. मोठ्या माणसाला गाडी सावकाश घरंगळत थांबलेली आवडते. सहा वर्षांचं मूल खुंटी शून्यावर आणतं आणि गाडी चालतच राहते, तेव्हा त्याला वाटतं कंट्रोलर आपलं ऐकत नाही. मग ते खुंटी उलटी फिरवतं, बटणं दाबतं, रडतं. हिशोब करून बघा: शून्यापासून पूर्ण वेगाला लागणारे सेकंद साधारणपणे सीव्हीचा आकडा गुणिले ०.९. म्हणजे सीव्ही ४ मध्ये १० लिहिले तर पूर्ण वेगातून थांबायला ९ सेकंद. तेवढ्यात गाडी समोरच्या डब्यांवर आदळलेली असते. सुटण्यासाठी सीव्ही ३ मध्ये ३-४ लिहा, थांबण्यासाठी सीव्ही ४ मध्ये १. थोरल्याला हवं तर त्याच्या इंजिनात वाढवा, त्याला ब्रेकचा अंदाज घ्यायला आवडेल.

खटपट्या

पटलं. प्रत्येक इंजिनाचे आकडे वेगळे ठेवता येतात, हाच तर डिजिटलचा फायदा.

सांधेवाला

इथे माझ्याच शिफारशीची एक मर्यादा सांगायला हवी. ई-झी कमांडवरून इंजिनाचा क्रमांक बदलता येतो, बाकीचे सीव्ही लिहिता येत नाहीत. कमाल वेग बांधायचा असेल तर तेवढ्यापुरतं इंजिन दुसऱ्या कोणाच्या डीसीसीवर नेऊन लिहून आणायचं. आकडे टिकतात, त्यामुळे ते काम एकदाच. पण जवळपास तशी सोय नसेल तर सीव्ही लिहिता येणारा कंट्रोलरच घ्या.

काळजीवाहू_बाबा

मध्येच विचारतो. रुळांत कायम १५ व्होल्ट म्हणताय आणि मुलं रुळांना हात लावतात. धोका नाही ना?

चुंबकरेषा

विजेचा झटका बसण्याइतका हा दाब नाही. युरोपात खेळण्यांसाठी कायद्याने २४ व्होल्टची कमाल मर्यादा आहे आणि हे त्याच्या आत आहे. लक्ष भिंतीकडच्या बाजूकडे द्या: संचाबरोबर आलेलाच अडॅप्टर वापरा, त्याची वायर मुलांच्या पायात येऊ देऊ नका, खेळ झाला की सॉकेटमधून काढा. आणि हे मोजमापातले मॉडेल आहे, बारीक भाग गळतात, तीन वर्षांखालचं भावंड असेल तर मांडणी जमिनीवर नको.

खरी काळजी विद्युतप्रवाहाची. मोठ्या मांडणीचे ५ अँपिअरचे बूस्टर (रुळांना वीज पुरवणारे डबे) मुलांसाठी घेऊ नका. दोन-तीन एचओ इंजिनांना १ ते २ अँपिअर पुरतात. गाडी सांध्यावर घसरली की दोन्ही रूळ जोडले जातात आणि शॉर्ट होतो. मोठा बूस्टर त्या क्षणी चाकांतून जास्त वीज ओततो आणि प्लॅस्टिक वितळू शकतं. चांगला कंट्रोलर शॉर्ट झाला की लगेच वीज तोडतो. मांडणी पूर्ण झाली की एक चाचणी करा: रुळावर जागोजागी एक नाणं आडवं ठेवा. प्रत्येक ठिकाणी वीज तुटलीच पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात नाही तुटली तर तिथल्या जोडण्या सैल आहेत किंवा तिथवर वीज कमी पोचतेय, तिथे आणखी एक वायर द्या.

निवांत_स्टेशन

नाण्याची चाचणी फार महत्त्वाची. मुलांकडूनच करून घ्या, त्यांना भारी आवडते.

शॉर्टवरून आठवलं. मुलं रूळ जोडताना हमखास फुग्यासारखा वळसा करतात, ज्यात गाडी सांध्यातून आत शिरते, गोल फिरते आणि त्याच सांध्यातून उलट्या तोंडाने बाहेर येते. दोन रुळांच्या पद्धतीत असा वळसा जोडला की डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो आणि थेट शॉर्ट. कंट्रोलर बंद पडतो, मूल गोंधळतं, पालक दुकानात परत करायला निघतात. कंट्रोलर ठणठणीत असतो. वळसा हवाच असेल तर दोन्ही टोकांना इन्सुलेटेड जोड आणि मध्ये आपोआप धन-ऋण उलटवणारं उपकरण लागतं. मेर्क्लिनच्या रुळांत मधोमध स्पर्शबिंदूंची ओळ असते आणि दोन्ही रूळ एकाच बाजूचे, म्हणून तिथे वळसा बिनधास्त चालतो. रोज रूळ उचकटून नवीन मांडणाऱ्या मुलांना ते रूळ म्हणूनच सोयीचे. अर्थात अबोलींकडे दोन रुळांचा संच आहे, तिथली इंजिनं इकडे चालत नाहीत, तेव्हा त्यांनी फक्त वळसा टाळावा.

भिरभिरं

अवांतर: सहा वर्षांखालच्या मुलांसाठी यातलं काहीच नको असं माझं मत. लेगोची ड्युप्लो आगगाडी ढकलली की चालू लागते आणि रुळावर ठेवलेल्या रंगीत ठोकळ्यांवरून गेली की थांबते, भोंगा वाजवते, उलटी फिरते. कंट्रोलर म्हणजेच रूळ. चार वर्षांच्या पुतण्याने "इथे हिरवा ठेवला तर?" असे प्रयोग सुरू केले, ते मला फार आवडलं.

अबोली

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मनापासून आभार. मुलांना एका ओळखीच्या घरी दोन प्रकार चालवायला दिले: मधल्या थांब्याची खुंटी असलेला हातकंट्रोलर, आणि फोन. धाकटीने हातकंट्रोलर सोडलाच नाही. थोरल्याला दोन्ही जमले, पण शंटिंगला त्यानेही खुंटीच मागितली. तेव्हा मल्टीमाउसकडे कल आहे. दुसरा नंतर जोडता येतो ना? आणि दोन कंट्रोलर झाल्यावर एकमेकांची गाडी पळवणार नाहीत ना?

खटपट्या

जोडता येतो. एक मुख्य, दुसरा त्याच ॲम्प्लिफायरच्या (रुळांना वीज आणि संदेश देणाऱ्या डब्याच्या) दुय्यम सॉकेटमध्ये. दोघांमधली केबल एक्सप्रेसनेट नावाच्या पद्धतीने बोलते. सगळ्या कंपन्यांची केबल एकच नसते. डिजिट्रॅक्स कंपनीचे कंट्रोलर लोकोनेट या वेगळ्या पद्धतीवर चालतात आणि प्लग आत शिरला तरी ते एकमेकांत मिसळायचे नसतात. म्हणून दुसरा हातकंट्रोलर त्याच जातीचा घ्या.

गाडी पळवणं शक्य आहे. कोणीही कोणताही क्रमांक निवडला की ते इंजिन त्याच्या ताब्यात जातं. मात्र मल्टीमाउसमध्ये इंजिनांची यादी प्रत्येक हातकंट्रोलरच्या आत असते, पाच अक्षरी नावांनी. धाकटीच्या यादीत फक्त तिचं इंजिन ठेवा, थोरल्याच्या यादीत फक्त त्याचं. अदलाबदल करायची असेल तर तुमच्याकडे यावं लागेल.

निशिगंध

आणि थांबवायच्या बटणाचं आधीच सांगून ठेवा. ते बटण सगळ्या रुळांची वीज तोडतं, म्हणजे एकाने दाबलं की दुसऱ्याचीही गाडी थांबते. आपली गाडी थांबवायची तर खुंटी मध्यावर आणायची, बटण फक्त टक्कर होताना किंवा काही घसरलं तर. हे न सांगता दिलं तर पहिल्या संध्याकाळी ते शस्त्र म्हणून वापरलं जातं.

चुंबकरेषा

नव्या डीकोडरचा क्रमांक कारखान्यातून ३ च येतो. तुमच्या दोन्ही इंजिनांत तोच असेल आणि पुन्हा दोन्ही एकदम पळतील. क्रमांक बदलताना रुळावर एकच इंजिन ठेवा. दोन्ही ठेवलीत तर दोघांचाही क्रमांक एकदम बदलेल. धाकटीला ६ आणि थोरल्याला ९ द्या, वयाप्रमाणे, विसरणार नाहीत.

आणखी एक. जुन्या संचातला वीज जोडायचा रूळ उलटा करून बघा. अ‍ॅनालॉगच्या काही जोडरुळांत खाली छोटा कपॅसिटर असतो. तो डीसीसीचे संदेश बिघडवतो. डिजिटलसाठीचा जोडरूळ वापरा.

अबोली

पाहिलं, आहे कपॅसिटर! हे कळलं नसतं तर कंट्रोलरलाच दोष दिला असता. जुना अ‍ॅनालॉग कंट्रोलर आता अडगळीत टाकू का? मुलांना स्टेशनातले दिवे लावायचे आहेत.

चुंबकरेषा

टाकू नका. त्याच्या मागच्या बाजूला उपकरणांसाठी वेगळे टोक असतील तर त्यावर किती व्होल्ट लिहिलेत ते बघून त्या दाबाचे दिवे जोडा. रुळांचा मात्र त्याच्याशी कुठेही संबंध येऊ देऊ नका. अ‍ॅनालॉग आणि डीसीसी एकाच रुळावर एकदम जोडले गेले तर दोन्ही कंट्रोलर आणि इंजिनं जळू शकतात. दिव्यांच्या वायरी वेगळ्या रंगाच्या घ्या, आणि थोरल्याला दाखवून ठेवा की त्या रंगाची वायर रुळाला लावायची नाही.